ते केळ्यांबद्दल नव्हतं, नाना

प्रिय नाना,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं, असं शाळेत शिकवलं होतं. पण एकदा तीर्थरूप लिहिलं की पुढे भांडता येत नाही, आणि मला आज तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. म्हणून प्रिय. रविवारी फोनवर मी तुम्हाला एक गोष्ट विचारली आणि तुम्ही लगेच 'हाव' म्हणालात. नाना, ते केळ्यांबद्दल नव्हतं. ते माझ्या लग्नाबद्दल होतं. एवढं वाचून आईला हाक मारू नका. ओट्यावर नीट बसा, चष्मा पुसा, आणि पेपर वाचता तसं शेवटच्या पानापासून सुरू करू नका. तुमचा तो 'हाव' मी घेतलेला नाही, बाजूला ठेवलाय. तो खरा आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं. तो खरा ठरला तर मी लग्न करीन, नाही ठरला तर माझं काय होईल ते मला माहीत नाही, पण खोट्या होकारावर मी मांडवात उभी राहणार नाही.

आधी खुशाली. मी बरी आहे. कोचीत बारा महिने घाम येतो, इथल्या लोकांना थंडी कशाशी खातात ते ठाऊक नाही. मी नोव्हेंबरातल्या आपल्याकडच्या गारठ्याचं वर्णन करते तेव्हा ऑफिसातले लोक माझ्याकडे हिमालयातून आल्यासारखं बघतात. आईने पाठवलेल्या बिबड्या पोचल्या, पण वाटेत त्या ज्वारीच्या पापडांचा असा चुरा झाला होता की आम्ही त्या चमच्याने खाल्ल्या. 'आम्ही' हा शब्द वाचून लगेच भुवया चढवू नका, त्यावर येतेच आहे. कळण्याच्या भाकरीचं पीठ संपलं. लोणच्याची बरणी मात्र मी कुलपात ठेवते.

आता मंदाबाईंच्या पोतीचं. दिवाळीत मी घरी आले तेव्हा मंदाबाई आपल्या ओट्यावर आल्या, पदराच्या गाठीतून तुटलेली पोत काढली आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुना शेठले सांग, एवढी कडी जोडी दे म्हना." मला काही कळेना. मग त्यांच्यासोबत आलेल्या बेबाबाईंनी कोचीत सोन्याचा भाव काय चाललाय ते विचारलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तुम्हाला नोकरी लागली तेव्हा फोनवर सांगितलं होतं की मला सोनारवर काम मिळालंय. तुम्ही भिकनकाकांना सांगितलंत सोनारकडे मिळालंय. आणि भिकनकाकांनी पारावर हळहळत जाहीर केलं, "पुनाभाऊनी पोर इतली शिकनी आन सोनारकडे लागनी!" म्हणजे अख्खं गाव समजून बसलंय की मी अमळनेरच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन पास झाले आणि केरळात जाऊन सोनाराच्या पेढीवर डाग तोलते. यात तुमचा एकट्याचा दोष नाही, शब्दच तसा जुळा आहे. पोत मी इथे एका खऱ्या सोनाराकडून जोडून घेतली आहे, मंदाबाईंना सांगा. पण माझं काम ते नाही, आणि ते काय आहे हे मी दिवाळीत तुम्हाला जेवताना सगळं समजावून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावत होतात. म्हणून आता लिहूनच सांगते.

शेतातल्या विहिरीत तुम्ही मला पोहायला शिकवलंत ते आठवतं? पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मी पायरीला घोरपडीसारखी चिकटले होते आणि काही केल्या सोडत नव्हते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "डोकं पानीमा घाल, तुले एक गंमत दखाडस." मी नाक धरून डोकं बुडवलं. तुम्ही पलीकडच्या कडेला जाऊन पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटलेत. नाना, तो आवाज विहिरीच्या पलीकडून आला नाही, तो थेट माझ्या डोक्याच्या आत झाला. मी डोकं वर काढून विचारलं की तुम्ही इतक्या जवळ कधी आलात, तर तुम्ही तिकडेच उभे राहून हसत होतात. तेच माझं काम आहे. समुद्रात खाली उजेड पोचत नाही, डोळ्यांचा काही उपयोग नाही. पण आवाज लांबवर जातो. म्हणून पाण्याखाली काय चाललंय हे कानाने शोधायचं. एक रीत अशी की आपणच आवाज टाकायचा आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का ते बघायचं. दुसरी रीत अशी की आपण एकदम गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. मी दुसऱ्या रीतीच्या यंत्रावर आहे. आम्ही ते बनवतो आणि तपासतो. त्या यंत्राला सोनार म्हणतात.

आणि ऐकायचं कशाला, तर बंदरात आपली जहाजं उभी असतात. त्यांच्या पोटाखाली कोणी गुपचूप येऊन काही चिकटवून गेलं, तर संपलंच. येणारी पाणबुडी असेल, लांबून चालवलेलं लहान यान असेल किंवा एखादा पाणबुड्या माणूस असेल. तो येतो तेव्हा आवाज होऊ नये म्हणून सगळी काळजी घेऊन येतो. आणि समुद्र काही आपल्यासाठी शांत बसत नाही. मच्छीमारांची इंजिनं भकभकत असतात, मोठ्या जहाजांचे पंखे घरघरत असतात, आणि सगळ्यात वात्रट म्हणजे एक बोटभर कोळंबी. तिचा एक पंजा मोठा असतो, तो ती टचकन मिटते. अशा लाखो कोळंब्या दिवसभर टचटच करत बसतात, तेव्हा हेडफोनमध्ये कढईत मोहरी तडतडल्यासारखं चालू असतं. त्या तडतडीच्या आडून जो गुपचूप येतोय त्याचा आवाज वेगळा काढायचा आणि तो कशाचा आहे ते सांगायचं. पडद्यावर रेघा दिसतात, पण रेघ कुठली बघायची हे पुष्कळदा कानालाच आधी कळतं. जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढं सांगितलं, जास्त विचारू नका. आणि भिकनकाकांना यातलं निम्मंच सांगा, नाही तर पारावर मी उद्या पाणबुडी चालवायला लागेन.

आता शिजूचं. हे नाव आईने ऐकलंय. दिवाळीत चुलीपाशी बसून मी ऑफिसातल्या गमती सांगत होते, त्यात ते नाव आलं. आई पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "शिजू? हाई नाव शे का? आजून शिजनं नही का ते?" मी इतकी हसले की पोळी करपली. मग आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. तुम्ही तिला भोळी समजता, पण आईच्या कानातून काही सुटत नाही.

शिजू माझ्याबरोबर काम करतो. मी हेडफोन लावून ऐकते, तो शेजारी पडदा बघतो आणि आम्हाला जे सापडेल ते फोनवरून नियंत्रण कक्षाला कळवतो. मी सांगायचं, त्याने कळवायचं, असा नियम. गेल्या वर्षी आमच्या यंत्राची मोठी परीक्षा होती. आपल्याच लोकांनी एक सरावाचं लहान यान गुपचूप बंदरात आणायचं आणि आम्ही ते पकडायचं. केव्हा येणार, कुठून येणार, काही सांगायचं नाही. सकाळची वेळ, मच्छीमार परत येत होते, कोळंब्यांची मोहरी जोरात तडतडत होती, आणि त्या सगळ्याच्या मागे मला एक बारीक आवाज लागला. लांबच्या घरात कोणी शिलाई मशीन चालवावं तसा. थांबायचा, परत सुरू व्हायचा. इंग्रजीत काय बोलायचं ते ठरलेलं होतं, आम्ही ते कितीदा घोकलं होतं. पण माझं काळीज असं धडधडलं की तोंडातून आपलंच निघालं. मी ओरडले, "शे! शे! शे!"

तुम्हाला काय वेगळं सांगायचं, शे म्हणजे आहे. पण शिजू पडला मल्याळी. त्यांच्याकडे दूध उतू गेलं, बस चुकली, बरणी फुटली की माणूस म्हणतो, "शे!" म्हणजे छे, गेलं, वाया गेलं. त्याला वाटलं, मला काही तरी लागलं होतं आणि ते हातचं निसटलं. त्याने शांतपणे कक्षाला कळवलं की काही नाही. मला वाटलं त्याने कळवलं, आता तिकडे धावपळ सुरू झाली असेल. तरी मी आणखी जोरात "शे!" म्हणाले, तर त्याने माझं सांत्वन केलं. राहू दे, होतं असं, पुढच्या वेळी लागेल, असं काही तरी म्हणाला, पण हेडफोनमुळे मला ते तेव्हा धड ऐकू आलं नाही. मी म्हटलं, हा माणूस किती थंड डोक्याचा. थोड्या वेळाने ते यान आमच्याच धक्क्याखाली वर आलं, त्यावर लावलेलं लाल निशाण मजेत डोलत होतं. कागदोपत्री तुमच्या लेकीने एका शब्दात अख्खं बंदर उडवलं.

आमच्या मोठ्या मॅडम ठेंगण्या आहेत, पण त्या खोलीत आल्या की उंच माणसं वाकून बसतात. त्यांनी आम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि कोण काय म्हणालं ते विचारलं. मी सांगितलं, मी शे म्हणाले, म्हणजे आहे. शिजूने सांगितलं, मी शे ऐकलं, म्हणजे गेलं. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं आता नोकरी गेली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. हसून झाल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, आज सराव होता म्हणून हसलो. आपण ऐकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आपण जे सांगितलं तेच समोरच्याच्या कानात पोचलं का, हे विचारेपर्यंत ते अर्धंच असतं. त्या दिवसापासून नियम झाला. मी काही सांगितलं की शिजूने ते परत म्हणून दाखवायचं, मी बरोबर म्हणायचं, आणि मगच कक्षाला कळवायचं. पुढच्या परीक्षेत आम्ही ते यान बंदराच्या तोंडाशीच धरलं. मॅडमनी सगळ्यांना पायसम् दिलं. आणि गंमत म्हणजे आता आमच्या खोलीत बंगाल्यापासून पंजाब्यापर्यंत सगळे शे म्हणतात. चहा शे का, साहेब शे का, सगळं शे.

त्या नियमाने माझी पंचाईत केली, नाना. शिजूला ती सवयच लागली. कँटीनमध्ये मी म्हणायची आमटीत मीठ कमी आहे, की हा म्हणायचा, मीठ कमी आहे, बरोबर? मी म्हणायची आज आईची आठवण येतेय, की हा म्हणायचा, आईची आठवण येतेय, बरोबर? आणि मग थांबायचा, मी पुढे काही सांगते का म्हणून. माझं बोलणं इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं. आमच्यात ते तसंच सुरू झालं, त्यात सिनेमासारखं काही नाही. त्याचे वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, आई बालवाडीत शिकवते. तो उंच नाही, काळासावळा आहे, डोक्यावरचे केस आत्ताच रजा मागायला लागलेत. मी त्याला शेवभाजी करून घातली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं आणि तो ताट पुढे करून आणखी मागत होता. खोड एकच, तो फार हळू बोलतो. देवळात बोलावं तसं. त्याला मोठ्याने बोलताच येत नाही.

आता रविवार. आई बेबाबाईंकडे हळदीला गेली होती आणि फोन तुम्ही उचललात. मी म्हटलं, हीच वेळ. आई असली की ती मधे बोलते आणि माझा धीर जातो. मी दम घेऊन एका झटक्यात बोलून टाकलं, "नाना, एक पोऱ्या शे. केरळना शे. माले आवडस. मी त्यानासंगे लगीन करू का?" आणि तुम्ही म्हणालात, "हाव हाव. केळं तं चांगलं शे. रोज एक खात जाय. पन फ्रिजमा ठेवू नको, काळं पडी जास." मग तुम्ही मला चोपड्याकडच्या केळीचं सांगितलंत, यंदा बाग कशी आहे, घड केवढा पडतोय, आणि खुशीत फोन ठेवलात. मी फोन हातात धरून हसत बसले, आणि हसता हसता रडायला लागले. संध्याकाळी आईचा फोन आला. "तुना बाप सांगी राहिना, पोरगी आते केळं खावाले लागनी. चांगलं व्हयनं माय, वाळी गयी व्हती तू."

तुमच्या लेकाला, ललितला, मी सगळं सांगितलंय. तो नरडाण्याच्या कंपनीतून सुटून बसस्टँडवर उभा होता, तिथे तो इतक्या मोठ्याने हसला की लोक बघायला लागले म्हणे. मग म्हणाला, "अक्का, बाप हाव म्हनना ना? मंग बस! आते मांगे फिरानं नही." खोटं कशाला सांगू, मला क्षणभर मोह झाला. कारण तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती आहे, आणि नाही म्हणायला तुमच्याकडे कारणं आहेत. पोरगा आपल्या जातीचा नाही, आपल्या भाषेचा नाही, त्याचं गाव दोन दिवसांच्या रेल्वेवर. भावकीत चार लोक चार गोष्टी बोलतील आणि त्या तुम्हाला बोलतील, मला नाही. तो 'हाव' तसाच पदरात बांधून घेतला असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण मी तो घेऊ शकत नाही, कारण तो कसला होता हे मला कळतं. आवाज ओळखण्याचाच मला पगार मिळतो. तुमचे हाव तीन प्रकारचे आहेत. एक तुटक, खाली पडणारा, तो मनापासूनचा. दुसरा लांबवलेला, त्याच्याआधी खाकरणं, म्हणजे ऐकलंय पण पटलेलं नाही, उद्या सकाळी नाही म्हणणार. आणि तिसरा जोडीने येणारा, हाव हाव, जरा मोठ्याने, आणि लगेच तुमचाच दुसरा विषय. तो म्हणजे तुम्हाला ऐकूच आलेलं नाही. रविवारचा तिसरा होता, नाना. आणि हल्ली तिसराच जास्त येतो.

लिहिलं एकदाचं. दिवाळीत मला सगळं दिसलं. कुकरच्या शिट्टीला तुम्ही मान वळवत नाही. दारात एसटी येऊन हॉर्न देते तेव्हा भिकनकाका उठतात म्हणून तुम्ही उठता. ललितने विनोद केला की सगळे हसतात, आणि तुम्ही त्यांची तोंडं बघून हसता, थोडं मागून. ते मागून आलेलं हसू बघितलं आणि मी मागच्या दाराने न्हाणीत जाऊन पोटभर रडले. आणि आई! तुमच्या लक्षात आलंय का, आई हल्ली तुमच्या शेजारून हलत नाही? कोणी काही विचारलं की ती भांडं पुसता पुसता तुमच्या कानाशी, पण स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते, "कापूस कधी येचाना शे, भिकनभाऊ इचारी राहिनात..." आणि मग तुम्ही भिकनकाकांना रुबाबात उत्तर देता. किती वर्षं करतेय ती हे, कोण जाणे. तिने कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. मी सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नका, तिला काही कळू देऊ नका. तेवढं नाटक तुम्हालाही जमेल.

कापसाच्या जिनिंगमध्ये अख्खी उमर काढली तुम्ही. मशिनी सुरू झाल्या की तिथे माणसाचं बोलणं बंद, हातवारे सुरू. मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही सगळे जण मुक्यासारखे हात नाचवत असायचात आणि मला ती मोठी मौज वाटायची. त्या आवाजाने कान खाल्ले, त्यात तुमची काय चूक? पण तिथल्या म्हाताऱ्या अभिमनबाबांना सगळे तोंडावर बहिऱ्या म्हणायचे, हे तुम्हीच घरी सांगायचात, आणि ते सांगताना तुमचं तोंड उतरायचं. तुम्हाला तो शब्द नकोय. मला कळतं. ललितने मागे एकदा कानाच्या यंत्राचं नाव काढलं तर तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत. पण नाना, मी रोज सकाळी कामावर गेले की पहिल्यांदा कानाला यंत्र लावते. माझे कान डॉक्टरांनी तपासून पास केलेले आहेत, तरी त्या यंत्राशिवाय मी समुद्राला ठार बहिरी आहे. मॅडमसुद्धा लावतात, शिजूसुद्धा लावतो. यंत्र काढून बसलेल्याला आमच्याकडे कोणी कामाचा समजत नाही. तुम्ही कानाला यंत्र लावलंत तर माझ्या ऑफिसात तुम्हाला पहिल्या दिवशी खुर्ची मिळेल. लाज वाटायचीच असेल तर मला वाटायला हवी, की लाटांखालचं ऐकायचा पगार घेते आणि माझ्या बापाला ऐकू येत नाही हे ओळखायला मला इतकी वर्षं लागली.

आखाजीला, म्हणजे शिजूच्या कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेला, मी येतेय, आणि माझ्याबरोबर शिजू येतोय. ललितने धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावून ठेवलाय, तो तुम्हाला घ्यायला येईल, त्याच्याशी भांडू नका, मुकाट गाडीवर बसा. म्हणजे हे पत्र होकार मागायला लिहिलेलं नाही, नाना, तर तुम्ही आखाजीच्या आत धुळ्याला जाऊन यावं म्हणून लिहिलंय. शिजू तुमच्याकडे मला मागायला येतोय. त्याने आपली दोन वाक्यं पाठ केली आहेत, उच्चार भयंकर आहेत, आणि आवाज त्याहून लहान. मी ठरवलं असतं तर त्याला ओरडून बोलायला शिकवलं असतं, किंवा आईला शेजारी उभं करून त्याचं बोलणं तुम्हाला परत ऐकवलं असतं. पण मुलगी मागणं ओरडून करायचं नसतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंही नसतं. तो हळूच विचारेल. तुम्ही त्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐका, माणूस खरा वाटतो का बघा, आणि मग नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हणा. ऐकून म्हटलेलं तुमचं 'नाही' मी सोसेन, नाना. न ऐकता म्हटलेला 'हाव' मला आयुष्यभर पुरणार नाही.

तुमचीच,
दिपमाला